मागाच्या शेडमधले पाच रविवार

सोलापुरात अशोक चौकातून आत वळून दोन गल्ल्या गेलं की डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. पूर्वी तिथं सोळा माग चालायचे. आता एकही नाही, सगळे भंगारात गेले. पण माग ज्यावर बसवले होते ते चौथरे जमिनीत तसेच आहेत, वरचे बोल्ट तेवढे कापून टाकलेत. त्या चौथऱ्यांच्या मधल्या जागेत प्लॅस्टिकच्या साठेक खुर्च्या मांडतात, पुढं खाली बसणाऱ्यांसाठी चादरी अंथरतात, समोरची भिंत चुन्यानं पांढरी केलीय आणि तिच्यावर प्रोजेक्टरनं सिनेमा दाखवतात. दारावर पाटी नाही. चालवणारी पाच पोरं-पोरी आहेत. त्यातले दोघं पुण्याला कामाला असतात, शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जातात.

या उन्हाळ्यात त्यांनी ओळीनं पाच रविवार पाच परदेशी सिनेमे दाखवले. पाचही डिस्टोपियाचे, म्हणजे उद्याचं शहर कसं बिघडेल हे सांगणारे. पाचांतही माणूस आपल्याच शहरात परका होतो, त्याचं घर तरी जातं नाहीतर नाव तरी. पाच रविवारांचे मिळून २५० रुपये, एकाच दिवसाचे ६०. बिडी वळणाऱ्या बायकांना आणि शाळा-कॉलेजच्या मुलांना पैसे नाहीत. मध्यंतरात चहा मिळतो. गल्लीतल्या एक अक्का कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसतात, त्याचे पैसे वेगळे.

मी पाचही रविवार गेलो आणि दर वेळी नान्नांना, म्हणजे वडिलांना, बरोबर नेलं. त्यांचं वय ७८. मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागांवर, एकवीस वर्षं काढली, मिल बंद पडल्यावर दुसऱ्याच्या मागावर रोजानं गेले. मी स्वतः टॉवेल आणि चादरींची जेकार्ड डिझाइन काढतो. आधी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचो, आता तेच काम कॉम्प्युटरवर करतो. आमच्या घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठी, गल्ली सगळ्या भाषांची. हे आधीच सांगतो, कारण हे सिनेमे मी याच डोळ्यांनी बघितले.

पहिला रविवार ‘मेट्रोपोलिस’चा. फ्रिट्झ लांगचा १९२७चा मूकपट. वर उंच इमारतींत मालकलोक राहतात, जमिनीच्या पोटात कामगारांची वस्ती, आणि दोन्हींच्या मधे यंत्रं. सुरुवातीलाच पाळी बदलते. एक रांग माना खाली घालून आत जाते, दुसरी तशीच माना खाली घालून बाहेर येते. त्या दिवशी शेजारच्या शेडमधले माग चालू होते. एरवी मी चिडलो असतो. पण पडद्यावर यंत्रं, भिंतीपलीकडून खटक-खटक-खटक, आणि पायाखाली मागाचे चौथरे. शेडमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मधल्या पाट्यांचं मराठी एक शिक्षिका माइकवर वाचत होत्या. आवाज शांत होता, एकही शब्द नाटकी नव्हता. पाचही रविवारांतली सगळ्यात चांगली व्यवस्था हीच.

त्यात एका कामगाराला नावाऐवजी नंबर आहे, ११८११. तो नंबर टोपीवर दिसला तसे नान्ना तेलुगूत हळूच म्हणाले, “माझा चारशे सदतीस होता.” मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली. मला माझा जुना मोबाइल नंबर आठवत नाही आणि त्यांना तिकीट नंबर पाठ आहे. पगाराच्या दिवशी खिडकीवर नाव कधी घेतलंच नाही, नंबरच पुकारायचे, असं त्यांनी नंतर सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. आम्ही एकाच घरात राहतो.

सिनेमातल्या कामगारांचं घड्याळ दहा तासांचं आहे. त्यावरून नान्नांनी मध्यंतरात तिथल्या पोरांना पाळीचं सगळं सांगितलं. पहिली, दुसरी, रातपाळी. पहाटेचा भोंगा झाला की अव्वा, म्हणजे आजी, चूल पेटवायची. घरात घड्याळ नव्हतं, त्याची गरजही नव्हती, सगळ्या पेठांचा दिवस त्या भोंग्यावर चालायचा. एका पोरीनं विचारलं, भोंगा बंद झाला तेव्हा बरं वाटलं असेल ना? नान्ना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पहिल्या दिवशी मी तरीपण उठलो.”

या सिनेमाचा शेवट मात्र मला पटला नाही, आणि ते मी चर्चेत उभं राहून सांगितलं. डोकं आणि हात यांच्यामध्ये हृदयानं मध्यस्थी करावी, असा तो शेवट. मालकाचा मुलगा मालकाचा हात कामगारांच्या मुकादमाच्या हातात देतो आणि संपलं. त्याच्या आधी कामगार काय करतात? यंत्रातून घडवलेल्या एका खोट्या बाईच्या चिथावणीनं यंत्रं फोडतात आणि त्या नादात स्वतःच्याच वस्तीत पाणी भरतात, पोरं खाली आहेत हेसुद्धा विसरतात. सोलापूरच्या माणसानं हे मुकाट्यानं बघू नये. हा सिनेमा बर्लिनला पहिल्यांदा लागला त्यानंतर तीनच वर्षांनी, मे १९३० मध्ये, या शहरातले मिलचे कामगार रस्त्यावर आले. काही दिवस इंग्रजांचं राज्यच इथून उठलं, आणि मग मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं. त्या कामगारांना आपली पोरं कुठं आहेत ते पक्कं ठाऊक होतं. गर्दी म्हणजे बिनडोक, हा विचार वरच्या मजल्यावरून खाली बघणाऱ्याचा आहे. खुद्द लांगलाही पुढं हा शेवट आवडेनासा झाला होता. कथा त्याच्या बायकोची, थेआ फॉन हार्बोची. लांग १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला, ती तिथंच राहिली. आणि पुढं तिनं लग्न केलं ते आयी गणपत तेंडुलकर या आपल्या बेळगावकडच्या पत्रकाराशी. ही माहिती त्या शिक्षिकाबाईंनी सुरुवातीला दिली तेव्हा मागच्या खुर्च्यांवरची माणसंसुद्धा पुढं सरकून बसली.

आम्ही बघितलेली प्रत लांब होती. या सिनेमाचा मोठा भाग कापला गेला होता आणि कायमचा गेला असंच लोक धरून होते. २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सला जवळपास पूर्ण रीळ सापडलं, मग तुकडे जोडून २०१० मध्ये नवी प्रत आली. जोडलेले तुकडे चटकन ओळखू येतात, त्यांवर उभे ओरखडे आहेत. चांगल्या चादरीला दुसऱ्या लॉटच्या सुतानं रफू केल्यावर ते जसं दिसतं तसंच. मला ते आवडलं. रफू लपवलेलं नाही.

दुसरा रविवार ‘ब्लेड रनर’, रिडली स्कॉट, १९८२. दारात वाटतात त्या झेरॉक्सवर १९८४ छापलं होतं. चूक लहान आहे, पण पोरं तो कागद जपून ठेवतात, म्हणून दुरुस्त करावी. गोष्ट नोव्हेंबर २०१९च्या लॉस एंजेलिसची. म्हणजे आपण तो ‘उद्या’ मागं टाकून आलोय. माणसासारखी दिसणारी, माणसानं बनवलेली माणसं, आयुष्य फक्त चार वर्षांचं. ती पळून पृथ्वीवर आलीत आणि त्यांना शोधून मारणं हे नायकाचं काम.

खरा माणूस कोण हे ओळखायला तिथं एक परीक्षा आहे. प्रश्न विचारायचे आणि डोळ्याची बाहुली बघत राहायचं. एरवी वीस-तीस प्रश्नांत निकाल लागतो, रेचेल नावाच्या मुलीला मात्र शंभरावर प्रश्न लागतात. कारण ती माणूस नाही हे तिलाच माहीत नाही. तिच्या डोक्यात दुसऱ्या कुणाच्या तरी लहानपणाच्या आठवणी घातल्यात. आईबरोबरचा फोटो ती पुरावा म्हणून नायकाला दाखवते. तिथं माझ्या छातीत काहीतरी हललं. परीक्षा मलाही ठाऊक आहे. पुण्यात खोली बघायला गेलो की नाव विचारतात, मग आडनाव, मग “म्हणजे तुम्ही मराठी नाही का?” हैदराबादला टॉवेलची ऑर्डर घ्यायला जातो, तिथं दोन वाक्यं तेलुगूत बोललो की दुकानदार हसून म्हणतो, “महाराष्ट्रा?” दोन्हीकडं माझी बाहुली बघतात. आणि माझा फोटो म्हणजे ताताचा, आजोबांचा. करीमनगरकडच्या कुठल्याशा घरासमोर उभे आहेत, खांद्यावर पंचा. लहानपणापासून मी तो फोटो “आमचं गाव” म्हणून लोकांना दाखवत आलो. तिथं मी कधी गेलेलो नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तिथल्या रस्त्यावरची माणसं चार भाषांची खिचडी करून बोलतात, जपानी, जर्मन आणि आणखी काय काय. शहर बुडालं याची ती खूण म्हणून दाखवलीय. अंधार, पाऊस, धूर, आणि कुणाची भाषा कुणाला कळत नाही. अहो, कन्ना चौकात सकाळी दहाला उभं राहा. भाजीवाली कानडीत मोजते, गिऱ्हाईक तेलुगूत घासाघीस करतं, रिक्षावाला उर्दूत वाट मागतो, आणि भांडण लागलं की सगळे मराठीत येतात, “का बे, दिसत नाही का?” यात बुडालेलं काय आहे? सिनेमा काढणाऱ्याला जिथं भीती दिसली तिथं आमचं घर आहे. हे मी कुठल्या परीक्षणात वाचलं नव्हतं, त्या शेडमध्ये बसल्यावर सुचलं.

त्याच रात्री आणखी एक झालं. सिनेमात पाऊस थांबतच नाही, सगळं शहर रात्रंदिवस भिजतंय. आणि साडेआठच्या सुमाराला शेडमधले फोन एकेक करून उजळायला लागले. नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी येईल त्याचा नेम नाही. बायका उठल्या, मग पोरं उठली, पाच मिनिटांत निम्मी शेड रिकामी. चालवणाऱ्या पोरांनी सिनेमा थांबवला. चाळीस मिनिटं थांबवला! कुणाला बोलले नाहीत, स्वतः दोन म्हाताऱ्यांच्या घागरी भरून दिल्या आणि मग जिथं थांबला होता तिथून पुढं लावला. थिएटरात असं कधी होणार नाही. ६० रुपये मला तिथंच वसूल झाले.

पण तक्रार त्याच रात्रीची आहे आणि मोठी आहे. इंग्रजी संवादांचं मराठी त्या दिवशी एक मुलगा सांगत होता. शेवटी पावसात, गच्चीवर, रॉय नावाचा तो बनवलेला माणूस मरताना चार वाक्यं बोलतो. आपण काय काय बघितलं आणि ते आपल्याबरोबर जाणार, एवढंच. हा मुलगा त्याच्यावरच बोलत राहिला. भाषांतर चुकीचं नव्हतं. पण तिथं गप्प बसायला हवं होतं, आधी एका वाक्यात सांगून ठेवता आलं असतं. मरणाऱ्याच्या तोंडावर बोलू नये. मी हे त्याला नंतर सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं, आणि पुढच्या रविवारी खरंच शेवटची दहा मिनिटं माइक बंद ठेवला.

तो पुढचा रविवार अल्फोन्सो क्वारोनच्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’चा, २००६चा. साल २०२७, जगात अठरा वर्षं एकही मूल जन्मलेलं नाही, आणि ब्रिटनमध्ये निर्वासितांना रस्त्याकडेच्या पिंजऱ्यांत कोंडलंय. पाचांतला सगळ्यात सरस सिनेमा हाच, असं मला वाटतं. कॅमेरा माणसाच्या मागं मागं न तुटता चालत राहतो, आपल्यालाही नजर दुसरीकडं नेता येत नाही. पोर रडतं आणि गोळीबार थांबतो, तेव्हा माझ्या शेजारच्या बाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. पण त्यावर मला फार लिहिता येणार नाही. तो मला लागला आणि मी तसाच घरी गेलो.

चौथा ‘डिस्ट्रिक्ट ९’. यावर थांबायला पाहिजे.

नील ब्लोमकॅम्पचा २००९चा सिनेमा, जोहान्सबर्गमधला. परग्रहावरचं जहाज शहरावर येऊन बंद पडलंय, त्यातल्या जिवांना खाली कुंपणाच्या वस्तीत ठेवलंय, आणि आता शहरातल्या लोकांना ती वस्तीही नको आहे. म्हणून विकस नावाचा एक कारकून कागद घेऊन दारोदार फिरतो: इथं सही करा, तुम्हाला इथून हलवायचंय. सही म्हणजे काय हे समोरच्याला कळत नाही, तरी सही हवीच. मग त्या कारकुनाचंच अंग बदलायला लागतं, हात त्यांच्यासारखा होतो, आणि ज्यांच्यासाठी तो सह्या गोळा करत होता तेच त्याच्या मागं लागतात. सिनेमामागं खरी घटना आहे. केपटाउनची ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही मिश्र वस्ती १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर केली आणि साठ हजारांहून जास्त माणसं तिथून उठवली.

चित्रीकरण सोवेटोमधल्या खऱ्या झोपड्यांमध्ये झालं. तिथल्या माणसांना सरकारी घरांत हलवणं तेव्हा चालूच होतं. हे ऐकल्यावर मला सिनेमा जरा वेगळा दिसायला लागला. पडद्यावर दिसणारी ती दोरी, ते पत्रे, ती पिंपं कुणाची तरी होती.

सिनेमा संपल्यावर सेटलमेंट भागातले एक निवृत्त शिक्षक उठले. सोलापूरचा माणूस रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ सांगतो आणि जातो, त्या शब्दावर थांबत नाही. ते थांबले. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढं सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत बसवली. त्यांचे आजोबा त्या कुंपणात वाढले. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, दिवसा मिलमध्ये राबायचं आणि संध्याकाळी परत तारेच्या आत. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. “तार निघाली,” ते म्हणाले, “पण शाळेत माझ्या वर्गात पेन्सिल हरवली की पहिलं दप्तर माझंच तपासायचे.” शेडमध्ये पंखे फिरत होते तेवढाच आवाज. मग त्यांनीच सिनेमातला दोष दाखवला, आणि तो बरोबर होता. परग्रहावरच्यांना माणूस म्हणून बघायला शिकवणारा हा सिनेमा नायजेरियन माणसांना मात्र नुसते गुंड आणि नरमांस खाणारे दाखवतो. नायजेरिया सरकारनं तेव्हा त्यावर हरकतही घेतली होती. “एकाला कुंपणातून काढायचं आणि दुसऱ्याला आत घालायचं,” एवढं बोलून ते बसले.

माझ्या पेद्दम्माही, मोठ्या मावशीही, त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी जन्मभर बिड्या वळल्या. २००६ मध्ये कुंभारीला बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं, त्यात त्यांना घर मिळालं. सभागृहात उठून बोलणं त्यांना जमत नाही, पण चहाच्या वेळी मला म्हणाल्या, त्या कारकुनाचा कागद बघून मला माझाच कागद आठवला. गल्ली सोडताना त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. कुंभारी लांब, तेव्हा रस्ता धड नव्हता, ओळखीचं कुणी नाही, रात्री कुत्री. पण त्या कागदावर त्यांचं नाव होतं, त्यांच्या नवऱ्याचं नाही, आणि तो कागद मिळवायला त्या स्वतः कामगार नेते आडम मास्तरांच्या मोर्चांत वर्षानुवर्षं चालल्या होत्या. कारकून दारात येऊन हलवतो ते वेगळं आणि बाई स्वतः चालत जाऊन घर मागून घेते ते वेगळं. डिस्टोपियाच्या सिनेमांत घर फक्त जातं. कुणाला मिळालेलं मी एकातही बघितलं नाही. यावर पेद्दम्मा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणून चालवणाऱ्यांना माझी सूचना अशी: चर्चा माइकवर ठेवू नका. माइक हातात आला की आमच्या बायका गप्प होतात. चहाच्या पातेल्याशेजारीच गोल करून बसवा.

बाकी सोयींचं थोडक्यात. सात वाजता सुरू होतं म्हणजे सातलाच होतं. त्याआधी जाऊ नका, एप्रिल-मेमध्ये पत्रा साडेसहापर्यंत तापलेला असतो. पंखे आठ आहेत, त्यातले दोन नुसते फिरतात. आवाज मागं बसलं तर घुमतो, पत्र्यामुळं. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. बायकांसाठी शेजारच्या घरातलं बाथरूम उघडून देतात, ही मोठी सोय. दुचाकी गल्लीत लावता येते, चारचाकी आणू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी चौथऱ्यांच्या कडा सांभाळाव्यात, अंधारात ठेच लागते. तिथं पांढरा पट्टा मारून घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं, पाचव्या रविवारपर्यंत मारलेला नव्हता. मी रंग घेऊन जायला तयार आहे.

पाचवा रविवार ‘डार्क सिटी’. अलेक्स प्रोयासचा, १९९८चा. हा फार लोकांना माहीत नाही, मलाही नव्हता. या शहरात कायम रात्रच असते. रोज बाराच्या ठोक्याला सगळं शहर जागच्या जागी झोपतं, आणि काळे कोट घातलेले परके येऊन इमारती वाढवतात, घटवतात, आणि माणसांच्या डोक्यातल्या आठवणी काढून दुसऱ्या घालतात. काल जो गरीब होता तो आज श्रीमंत. उठल्यावर कुणालाच वावगं वाटत नाही, ‘माझं लहानपण’ म्हणून प्रत्येकजण त्या आठवणी सांगतो. एकच माणूस मध्येच जागा होतो. त्याला शेल बीच नावाच्या एका गावाची ओढ आहे, समुद्राकाठचं, उन्हातलं. रस्त्यात भेटेल त्याला तो विचारतो. सगळे म्हणतात, हो हो, शेल बीच, मी गेलोय ना तिथं. कसं जायचं? आणि तिथं येऊन प्रत्येकजण अडकतो. तोंड उघडतात, हात करतात, पण रस्ता कुणालाच आठवत नाही. मेट्रोचा फलक आहे, गाडी मात्र तिथं थांबत नाही. शेवटी तो भिंतीवरच्या चित्रापर्यंत पोचतो, ती भिंत फोडतो.

भिंतीपलीकडं काय आहे ते सांगत नाही, बघा. माझं लक्ष त्या फलकावर होतं. इमारती एका रात्रीत उगवण्याचं मला नवल वाटलं नाही, मिलच्या जागांवर काय काय उभं राहिलं ते मी बघितलंय. पण लोकांना रस्ता सांगता येत नाही, हे मला फार आत लागलं. आमच्या पूर्व भागात कुणालाही विचारा, गाव कोणतं? वरंगल, करीमनगर, नलगोंडा पटकन सांगतील. लग्नपत्रिकेत मूळ गाव छापतात. देवाला नवस त्या गावचा. चार पिढ्या सोलापुरात गेल्या, पोरं आता हडपसरला आणि चाकणला आहेत, त्यांची पोरं उद्या सोलापूरला ‘आमचं गाव’ म्हणतील आणि त्यांनाही कन्ना चौकाचा रस्ता ठाऊक नसेल.

हाच सिनेमा मी घरी मोबाइलवर लावला असता तर वीस मिनिटांत बंद केला असता. सुरुवात गोंधळाची आहे, आणि चित्र इतकं काळं की उजेडात काही दिसत नाही. त्या शेडच्या अंधारात तो नीट दिसला. शेवटाकडं नायक आणि परके नुसत्या डोक्याच्या ताकदीनं हवेत लढतात तो भाग मला लांबलेला वाटला, मागची पोरं तिथंच खूश होती.

त्या रात्री चर्चेला आम्ही थांबलो नाही, नान्ना दमले होते. त्यांना गाडीवर मागं बसवलं. दुकानं बंद झाली होती, कुठंतरी एकदोन माग चालल्याचा आवाज येत होता. साखर पेठेच्या वळणावर ते मागून म्हणाले, “सोपं आहे रे.” मी विचारलं, काय? “गावाला जायचं.” मी गाडी हळू केली. “सिकंदराबादला उतरायचं. तिथनं करीमनगरची बस. करीमनगरला उतरलं की…” मग ते गप्प झाले. मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. त्यांनी उजवा हात वर करून कुठंतरी दाखवला, मग डावीकडं दाखवला, मग हात माझ्या खांद्यावर ठेवला.

“ताताला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “चल.”